खोल पाण्यात मासे कुठे असतात?



संत लूकच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायाची सुरुवात आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गनेसरेत सरोवराच्या काठी लोकांची गर्दी झाली आहे. दोन नावा किनाऱ्याला लागल्या आहेत आणि कोळी खाली उतरून जाळी धूत आहेत. प्रभू येशू शिमोनाच्या नावेत बसतो, ती काठापासून थोडी आत न्यायला सांगतो आणि तिथून लोकांना शिकवण देतो. शिकवण संपल्यावर तो शिमोनाला नाव खोल पाण्याकडे न्यायला आणि जाळी सोडायला सांगतो. शिमोन म्हणतो की रात्रभर राबूनही काही मिळालेले नाही, तरी आपल्या शब्दावर जाळी सोडतो.

आपण वर्धा जिल्ह्यातले लोक. वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती बांधवांसारखा आपल्याला समुद्र नाही. आपल्याकडे सरोवर म्हटले की डोळ्यांसमोर धरण येते. सेलू तालुक्यात हिंगणीजवळचे बोर धरण, धाम नदीवरचे महाकालीचे धरण, आर्वी तालुक्यात धनोडीजवळ वर्धा नदीवरचे निम्न वर्धा धरण. बोर धरण १९६५ मध्ये बांधून झाले आणि त्याची उंची पायापासून सुमारे ३६ मीटर आहे. गनेसरेत किंवा गालील सरोवर एकवीस किलोमीटर लांब, बारा-तेरा किलोमीटर रुंद आणि सर्वांत खोल जागी ४३ मीटरच्या आसपास खोल आहे. लांबी-रुंदीत आपली धरणे त्याच्यापुढे लहान, पण खोलीच्या बाबतीत फार मागे नाहीत. म्हणून शिमोनाला सांगितलेली गोष्ट नीट समजून घ्यायची असेल तर पॅलेस्टाईनपर्यंत जाण्याची गरज नाही. आपल्याच धरणावरच्या धीवर बांधवांना विचारले तरी पुरे.

पहिल्यांदाच डोंग्यात बसून गळ टाकायला गेलेल्या माणसाची एक ठरलेली समजूत असते. पाणी एवढे मोठे आहे, तेव्हा मासे सगळीकडे असणार. आणि जितके मध्यभागी जावे तितके मोठे मासे लागणार. तो नाव मधोमध नेतो, दोरी मिळेल तेवढी खाली सोडतो आणि वाट पाहत बसतो. दुपार होते, डोके तापते, बूच हलत नाही. मग तो म्हणतो, या धरणात मासेच नाहीत. वास्तविक मोठ्या जलाशयाचा बराचसा भाग कोणत्याही एका वेळी रिकामाच असतो. मासे ठरावीक जागी, ठरावीक खोलीवर आणि ठरावीक वेळी असतात.

खोलीचे उदाहरण घ्या. आपल्या धरणांत मत्स्यबीज म्हणून सोडतात ते मुख्यतः कटला, रोहू आणि मृगळ. तिघेही एकाच पाण्यात राहतात, पण एका थरात जेवत नाहीत. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते. तो पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म जीव खातो. रोहू मधल्या पाण्यात चरतो. मृगळाचे तोंड खाली वळलेले, तो तळाच्या गाळात अन्न शोधतो. ज्याने आमिष तळाशी टेकवले आहे त्याच्या डोक्यावरून कटला दिवसभर फिरला तरी त्याला कळणार नाही. मरळ तर खोल पाण्यात शोधूच नये. ती काठच्या गवतात आणि शेवाळात असते आणि मधूनमधून वर येऊन हवेतला श्वास घेते.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. वरचे पाणी तापते, हलके होते आणि खालच्या थंड, जड पाण्यावर तरंगत राहते. वारा नसला की दोन्ही थर मिसळत नाहीत. तळाशी पाने, लाकूड, गाळ कुजत असतो आणि त्यात तिथला प्राणवायू संपत जातो. अशा वेळी सर्वांत खाली थंडावा असतो पण श्वास नसतो. अगदी वर श्वास असतो पण उष्मा असह्य होतो. मासे मधल्या पट्ट्यात येऊन थांबतात. म्हणजे खोल पाण्यात जाणे याचा अर्थ तळ गाठणे असा नव्हे. कित्येकदा वीस मीटर खोल पाण्यावर नाव उभी असते आणि मासा सहा-सात मीटरवर असतो. गळाच्या दोरीला दर मीटरवर रंगीत धाग्याची खूण बांधावी, एक खूण सोडून थांबावे, मग दुसरी सोडावी, असे जुने लोक सांगतात. नवख्या माणसाला नेमके हेच कठीण जाते, कारण त्यात थांबावे लागते.

तळाचीही माहिती हवी. धरणाचा तळ परातीसारखा सपाट नसतो. पाणी भरण्याआधी तिथे नदी वाहत होती. तिचा जुना प्रवाह आजही खाली नाल्यासारखा आहे. शेतांचे धुरे आहेत, झाडांचे बुंधे आहेत, विहिरी आहेत, कुठे खडकाची सोंड पुढे आली आहे. जिथे उथळ भाग संपून एकदम खोल सुरू होतो त्या कडेला मासे थांबतात, कारण तिथे एका बाजूला चारा आणि दुसऱ्या बाजूला लपायला जागा असते. (या धुऱ्यांवर आणि विहिरींवर कोणाची तरी नावे सातबाऱ्यावर होती. धरणाचे पाणी पिताना आणि धरणातला मासा खाताना ज्यांची गावे त्याखाली गेली त्यांची आठवण प्रार्थनेत ठेवायला हरकत नाही.)

हा तळ दिसतो कधी? मे महिन्यात. पाणी उतरते, काठ उघडे पडतात, चिखलाला भेगा जातात. बहुतेकांना ते दृश्य उदास वाटते. पण ज्याला गळ टाकायचा आहे तो त्याच दिवसांत काठाकाठाने चालत जातो आणि पाहून ठेवतो: हा बाभळीचा बुंधा, हा नाल्याचा वळसा, ही दगडांची रास. मग तो काठावरच्या दोन स्थिर वस्तू एका रेषेत धरतो, समजा एक टेकडी आणि तिच्यापुढचे एक झाड. दुसऱ्या दिशेला आणखी दोन वस्तू धरतो. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात ती जागा. पावसाळ्यानंतर धरण तुडुंब भरले, सगळीकडे सारखेच पाणी दिसू लागले, तरी तो डोंगा बरोबर त्या बुंध्यावर नेऊन उभा करतो.

गालील सरोवरातही पाणी उतरल्यानेच एक मोठी गोष्ट हाती आली. १९८६ साली तिथे दुष्काळ होता. सरोवराचा काठ खूप मागे हटला होता आणि गिनोसार वस्तीतील दोन मच्छीमार भावांना चिखलात एका नावेची कड दिसली. तज्ज्ञांनी ती काळजीपूर्वक बाहेर काढली. ती सुमारे ८.२ मीटर लांब आणि २.३ मीटर रुंद निघाली आणि तिचा काळ साधारण प्रभू येशूच्याच शतकाचा ठरला. ती शिमोनाची नाव होती असे कोणीही खात्रीने म्हणू शकत नाही, यात्रेकरूंना नेणारे वाटाडे काहीही सांगोत. पण तिच्याकडे पाहिले की त्या कोळ्यांची परिस्थिती कळते. वेगवेगळ्या झाडांच्या लाकडांचे तुकडे जोडून, पुन्हापुन्हा दुरुस्त करून ती वापरलेली होती. शिमोन आणि त्याचे सोबती अशाच ठिगळ लावलेल्या नावांवर पोट भरणारी माणसे असावीत. रिकामी रात्र म्हणजे घरात रिकामी चूल.

आणि आता त्या सकाळकडे परत पाहा. तिथले कोळी रात्री मासे धरत. जाळी तलम सुताची असत. आपण ज्याच्या बियांची चटणी करतो त्या जवसाच्याच झाडाच्या धाग्याचे ते सूत. दिवसा उजेडात ती जाळी माशांना दिसत आणि मासे वळून जात, असे तिथल्या मासेमारीचा अभ्यास करणारे सांगतात. सकाळी जाळी धुवून वाळवली नाहीत तर ती कुजत. म्हणजे प्रभूने शिमोनाला सांगितले तेव्हा वेळ चुकीची होती, जाळी धुवून झाली होती, माणसे रात्रभर जागलेली होती आणि सांगणारा नाझरेथचा सुतार होता. ज्याला त्या पाण्याची काहीच माहिती नाही अशा माणसाने ‘हो’ म्हणणे सोपे आहे. ज्याला सगळी माहिती आहे, ज्याच्या अनुभवानुसार हे काम व्यर्थ आहे, त्याने ‘तरी पण आपण म्हणता म्हणून’ असे म्हणणे फार कठीण. शिमोनाने आपले ज्ञान टाकून दिले नाही. रात्री काय घडले ते त्याने प्रभूला स्पष्ट सांगितले. आणि मग वल्हे हातात घेतले.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी ६ जानेवारी २००१ रोजी, महाज्युबिली वर्षाच्या समारोपाला लिहिलेल्या पत्रात हीच आज्ञा नव्या सहस्रकातील ख्रिस्तसभेसमोर ठेवली होती. त्या काळात आपल्याकडेही तिची बरीच भाषणे झाली, फलक लागले. फलक उतरले, पण आज्ञा उतरलेली नाही.

आपल्या जिल्ह्यात रिकामी जाळी कोणाची आहेत हे सांगायला नको. कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर ज्यांचे घर चालते त्यांची रात्र एका रात्रीची नसते. ती जूनमध्ये सुरू होते आणि डिसेंबरपर्यंत चालते. बी, खत, फवारणी, मजुरी सगळे आधी घालायचे, आणि शेवटी बोंडअळी किंवा अवकाळी पाऊस, किंवा पीक येऊनही भाव नाही. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी खास पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा होता. तेव्हापासून किती योजना आल्या, किती कर्जमाफ्या झाल्या, तरी ती बातमी वर्तमानपत्रातून गेलेली नाही. अशा माणसाला शुभवर्तमानाचा हा उतारा वाचून दाखवून ‘विश्वास ठेव, जाळी फाटेपर्यंत मिळेल’ असे सांगणे आम्हाला योग्य वाटत नाही. प्रभूने शिमोनाला उत्पन्नाची हमी दिली नव्हती. एवढेच नव्हे, ती भरलेली जाळी मिळाल्यावर शिमोनाने आणि त्याच्या सोबत्यांनी सगळे काठावर सोडून दिले असे संत लूक लिहितो.

मग या उताऱ्यातून आपल्या धर्मग्रामाने काय घ्यावे? आमच्या मते, प्रभू आधी नावेत बसला हे पाहावे. जाळी धुणाऱ्या, रात्र वाया गेलेल्या माणसाच्याच नावेत तो बसला. काठावर उभे राहून त्याने सल्ला दिला नाही.

आपण एकमेकांच्या नावेत किती बसतो? रविवारी मिस्सा झाल्यावर आवारात दहा मिनिटे आपण सगळे एकमेकांना भेटतो. ‘काय म्हणता भाऊ, बरं हाय ना?’ ‘हो, बरं हाय.’ हे काठचे पाणी झाले. ते वाईट नाही, पण तिथून खालचे काही दिसत नाही. मागच्या बाकावर बसणारा, देवळात यायचे हळूहळू कमी झालेला, मुलीच्या लग्नाचा विषय निघाला की विषय बदलणारा माणूस कोणत्या खोलीवर आहे हे आवारात कळत नाही.

हल्ली नावेला बसवायचे यंत्र मिळते, त्याला फिश फाइंडर म्हणतात. ते पाण्यात ध्वनीच्या लहरी सोडते. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. लहर तळाला लागून परत यायला किती वेळ लागला यावरून खोली निघते. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यावर लहर आपटून परत येते आणि पडद्यावर कमानीसारखी खूण उमटते. चांगले यंत्र आहे. पण ते वापरणारे अनुभवी लोक सांगतात की यंत्र मासा आहे एवढेच दाखवते. तो भुकेला आहे की घाबरलेला आहे, हे दाखवत नाही. शिवाय लहर सोडल्यावर ती परत येईपर्यंत यंत्राला ऐकावे लागते. आपल्यापैकी काही जण भेटीला गेल्यावर सारखे बोलतच राहतात. परत येणारा आवाज त्यांना कसा ऐकू यावा?

आणखी एक बारीक गोष्ट, जी नवख्या गळवाल्याला कोणीतरी आधीच सांगायला हवी. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब हवेच्या एका पटीने वाढतो. दहा मीटरवरचा मासा झटकन वर ओढला तर त्याच्या पोटातील हवा दुप्पट फुगते. ज्या जातींच्या माशांना ती हवा पटकन बाहेर सोडता येत नाही, त्यांचे पोट फुगते, डोळे बाहेर येतात. परत पाण्यात सोडले तरी ते जगतीलच असे नाही. संत लूकने प्रभूच्या तोंडी जो मूळ ग्रीक शब्द वापरला आहे, ‘माणसे धरणारा’ या अर्थाचा, त्यात जिवंत धरणे असा भाव आहे. एखाद्याच्या मनातले खोल दुःख चार जणांत, एका दमात वर ओढू नये. कर्ज किती आहे, कोणाकडून घेतले, आता काय करणार, हे प्रश्न प्रार्थना मंडळात सर्वांसमोर विचारण्याचे नाहीत. भल्या हेतूने विचारले तरी माणूस फुटतो आणि पुढच्या वेळी दार उघडत नाही. हळू, एकट्याने, त्याच्या गतीने.

पण एखाद्याने मरणाची भाषा काढली, किंवा आवराआवर केल्यासारखी कागदपत्रे बायकोच्या हाती दिली, तर मात्र हळू जाण्याची वेळ नाही. त्याला एकटे सोडू नये. औषधाची, म्हणजे फवारणीच्या विषाची डबी घरातून हलवावी. १४४१६ हा टेलिमानस सेवेचा सरकारी क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, फोन मोफत लागतो आणि मराठीत बोलता येते. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथे सोबत जाणे म्हणजेही नावेत बसणेच. यात विश्वास कमी पडल्याची लाज वाटण्याचे कारण नाही. शिमोनाची जाळी फाटायला लागली तेव्हा त्यानेही दुसऱ्या नावेतल्या सोबत्यांना हाका मारल्याच.

मत्स्यबीजाबद्दलही दोन शब्द. कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातील वाहते पूरपाणी लागते. पूर्वी नद्यांतून बीज गोळा करून आणावे लागे. जुलै १९५७ मध्ये ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशांना पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन त्यांच्याकडून अंडी घालून घेतली आणि तेव्हापासून बीज तळ्यांत तयार होऊ लागले. आज आपल्या धरणात ज्याच्या गळाला कटला लागतो त्याने तो मासा जन्माला घातलेला नसतो; कोणीतरी आधी बोटभर लांबीचे पिल्लू पाण्यात सोडलेले असते, आणि बहुतेक वेळा ती मच्छीमार सहकारी संस्था असते. म्हणून गळ टाकण्याआधी तिची परवानगी विचारणे हे शिष्टाचाराचे नव्हे, न्यायाचे आहे. बोरच्या बाबतीत तर २०१४ पासून तो परिसर व्याघ्र प्रकल्पाचा आहे. तिथे वनविभागाच्या नियमाबाहेर पाऊल टाकू नये. आपल्या तरुणांनी हे ऐकावे.

तरुणांसाठीच पुढची सूचना, आणि ती थट्टेवारी नेऊ नये. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वर्धा नदीत, अमरावती जिल्ह्यातील झुंज येथे नाव उलटून एकाच नात्यागोत्यातील अकरा माणसे बुडाली. गालील सरोवर टेकड्यांच्या खोबणीत आहे, तिथे अचानक वारा सुटतो; प्रभू झोपलेला असताना आलेले वादळ आपल्याला माहीत आहे. आपल्या धरणांवरही उन्हाळ्याच्या दुपारी वावटळ उठते आणि सपाट डोंगा पाहता पाहता पाणी घेतो. पोहता येते म्हणून जीवरक्षक जॅकेट घालायचे नाही, ही फुशारकी आहे. डोंग्यात मावतील त्यापेक्षा एक माणूस कमी घ्यावा. सकाळी लवकर जावे, वारा वाढला की काठ गाठावा. मासाही तसा पहाटे आणि संध्याकाळीच वर येतो.

माणसांचेही थोडेबहुत तसेच आहे. या महिन्यात वाडीवाडीने ज्या घरभेटी करायच्या आहेत, त्या दुपारी करू नयेत. दुपारी घरी फक्त म्हातारी माणसे असतात आणि ती ‘सगळं ठीक हाय’ म्हणून आपल्याला परत पाठवतात. संध्याकाळी, बैल बांधून झाल्यावर, हातपाय धुऊन माणूस ओसरीवर टेकतो तेव्हा जावे. दोघांनीच जावे, चौघांनी नाही. वही घेऊन जाऊ नये. वर्गणीचा विषय त्या दिवशी काढू नये. पहिला चहा येईल तेव्हा पावसाबद्दल आणि भावाबद्दल बोलणे होईल, ते होऊ द्यावे. उठण्याची घाई करू नये. बहुतेक घरांत दुसरा चहा येतो तेव्हा बाई आत जातात, मुले झोपायला जातात, आणि मग तो माणूस आपणहून एखादे वाक्य बोलतो. तिथून पुढे आपण गप्प बसावे.